स्वतःचं हसं करून घेण्याचा धंदा

2018 साली विअर्ड ॲल यँकोविकने अमेरिकेत एक दौरा काढला. दौऱ्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘हास्यास्पद, स्वतःचेच लाड पुरवणारा, कुणा शहाण्याने सुचवला नसता असा हौशी दौरा’. ज्या गाण्यांसाठी लोक ॲलला ओळखतात ती यात होणार नव्हती. मायकल जॅक्सनच्या गाण्याचं विडंबन करताना घालायचा फुगीर लठ्ठ सूट नाही, एरवी कार्यक्रमभर चालणारी कपडेबदली नाही, मागे पडद्यावर फिल्म नाही. पाच माणसं स्टुलांवर बसणार आणि ॲलची स्वतःच्या चालीची, कधीच न गाजलेली गाणी वाजवणार. जाहिरातीचा सूरच असा की, अपेक्षा ठेवून येऊ नका, जमलं तर येऊच नका.

सत्तरहून जास्त प्रयोग झाले. गाण्यांची यादी रोज बदलायची आणि शेवटी रोज एक परकं गाणं, तेही एकदाच. त्यामुळे काही चाहते एकामागून एक गावं करत दौऱ्याबरोबर फिरले. आजच्या यादीत कुठलं अडगळीतलं गाणं निघालं, यावर त्यांच्यात तशीच चर्चा चालायची जशी आपल्याकडे एखाद्या मैफलीनंतर ‘आज बुवांनी कुठला अनवट राग काढला’ यावर चालावी. सगळे प्रयोग ध्वनिमुद्रित करून नंतर ऐकायला ठेवले, कारण ते सगळेच्या सगळे ऐकणारी माणसं आहेत हे ॲलला माहीत होतं. 2022 मध्ये त्याने तोच दौरा पुन्हा काढला. या वेळी नावाच्या पुढे ‘दुर्दैवी पुनरागमन’ हे शब्द जोडले आणि शेवट न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये केला.

ज्यांना हा गृहस्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: आल्फ्रेड मॅथ्यू यँकोविक, जन्म 1959, कुरळ्या केसांचा, रंगीबेरंगी हवाईयन शर्ट घालणारा, अकॉर्डियन वाजवणारा विडंबनकार. पाच ग्रॅमी. गाजलेली चाल घ्यायची, मूळ गायकाची ढब हुबेहूब उचलायची आणि शब्द मात्र खाण्यापिण्याचे, टीव्हीचे, बसच्या गर्दीचे घालायचे. आपल्याला हा प्रकार नवा नाही. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये हेच केलं. फरक इतकाच की अत्र्यांनी रविकिरण मंडळाकडे आधी परवानगी मागितल्याचं ऐकिवात नाही. ॲल मागतो. त्या परवानग्यांचे किस्से हा त्याच्या कारकिर्दीचा सगळ्यात रसाळ भाग आहे, पण त्याआधी अकॉर्डियन.

लॉस एंजलिसजवळच्या लिनवुडमध्ये यँकोविकांच्या दारात एक फिरता विक्रेता आला. संगीताचे धडे विकत होता, गिटार किंवा अकॉर्डियन. त्या काळी फ्रँकी यँकोविक नावाचा पोल्का संगीताचा बादशहा होता. त्याचं यांच्याशी काही नातं नव्हतं, फक्त आडनाव एक. जगात अकॉर्डियन वाजवणारा आणखी एक यँकोविक असायला हरकत नाही, एवढ्या विचारावर आईवडिलांनी अकॉर्डियन निवडलं. पहिला धडा सातव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे अकॉर्डियन म्हटलं की पुण्याचे इनॉक डॅनियल्स आठवतात, जुन्या हिंदी सिनेमातली समुद्रकिनाऱ्यावरची गाणी आठवतात, म्हणजे वाद्याला एक रुबाब आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेत मात्र ते म्हाताऱ्यांच्या लग्नाच्या पार्टीतलं वाद्य होतं. रॉक वाजवायला निघालेल्या पोराच्या गळ्यात ते अडकलं म्हणजे टिंगल ठरलेली. ॲलच्या गळ्यात ते आजही आहे. माझ्या मते त्याचा पुढचा सगळा स्वभाव इथे ठरला. वाद्यच असं मिळालं की लोक हसणारच, मग त्यांनी हसायच्या आधी आपणच का हसवू नये?

डॉक्टर डिमेंटो या नावाने एक गृहस्थ रेडिओवर विनोदी गाण्यांचा कार्यक्रम करायचे. खरं नाव बॅरेट हॅन्सन. शाळकरी ॲलने घरच्या प्लिमथ गाडीवर रचलेलं गाणं आपल्या खोलीत, अकॉर्डियनवर, साध्या टेपरेकॉर्डरवर भरून त्यांना पाठवलं आणि 1976 मध्ये ते वाजलंही. पोरगं हुशार, सोळाव्या वर्षी कॉलेजात पोचलेलं, वास्तुशास्त्राला. सॅन लुईस ओबिस्पोच्या कॅल पॉली कॉलेजात त्याला घरांच्या नकाशांपेक्षा कॉलेजच्या रेडिओ केंद्रात जास्त रस होता. ‘विअर्ड’, म्हणजे विक्षिप्त, ही पदवी त्याच काळातली. दुसऱ्यांनी चिडवायला वापरलेली आणि त्याने कार्यक्रमाच्या नावात उचललेली.

1979 मध्ये नॅक नावाच्या बँडचं ‘माय शरोना’ सगळीकडे वाजत होतं. ॲलने त्याचं ‘माय बोलोनी’ केलं, बोलोनी म्हणजे अमेरिकन डब्यातला स्वस्त मांसाचा काप. ध्वनिमुद्रण कुठे करायचं? रेडिओ केंद्राच्या समोर, बोळाच्या पलीकडे, पुरुषांचं स्वच्छतागृह होतं. टाइल्समुळे आवाज छान घुमायचा. तिथे अकॉर्डियन नेलं आणि मुद्रण उरकलं. पुढे नॅक कॉलेजात कार्यक्रमाला आले तेव्हा ॲल मागे जाऊन भेटला. त्यांच्या गायकाला, डग फीगरला, गाणं इतकं आवडलं की त्याने आपल्याच कंपनीला, कॅपिटलला, ते काढायला सुचवलं. स्वच्छतागृहातलं ते मुद्रण, मूळ गाण्याच्याच कंपनीच्या शिक्क्यानिशी बाजारात आलं. ॲलला 500 डॉलर मिळाले.

पुढच्या वर्षी, 14 सप्टेंबर 1980 च्या रात्री, तो डिमेंटोंच्या कार्यक्रमात क्वीनच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’चं बसच्या गर्दीवरचं विडंबन प्रत्यक्ष गाणार होता. ठेका धरायला कुणीच नाही. स्टुडिओत जॉन श्वार्ट्झ नावाचा एक तरुण ड्रमवादक योगायोगाने हजर होता, पण ड्रम नव्हते. ॲलने त्याला अकॉर्डियनची पेटी दिली आणि सांगितलं, हिच्यावर बडव. त्याने बडवलं. तो अजून बडवतोय. ‘बर्म्युडा’ श्वार्ट्झ तेव्हापासून त्याचा ड्रमवादक आहे, बेसवर स्टीव्ह जे आणि गिटारवर जिम वेस्ट 1982 पासून, कीबोर्डवर रूबेन वाल्टिएरा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून. रॉकच्या धंद्यात तीन वर्षं एकत्र टिकणारे बँड कौतुकाने दाखवतात. या लोकांनी चाळीस वर्षं एकमेकांचे हवाईयन शर्ट सहन केले आहेत. बर्म्युडा शिवाय हिशोबनीस वृत्तीचा; कागद, फोटो, तारखा सगळं जपून ठेवणारा. 2020 मध्ये त्याने जुन्या कृष्णधवल फोटोंचं पुस्तकच काढलं. ॲलच्या आयुष्यातली कुठलीही तारीख विचारा, उत्तर बर्म्युडाच्या कपाटात असतं.

सुरुवातीचे दिवस अर्थात कडू होते. ॲल दिवसा एका रेडिओ कंपनीच्या टपालखात्यात पत्रं लावायचा. 1982 मध्ये सँटा मोनिकाच्या सिव्हिक ऑडिटोरियममध्ये त्याच्या बँडला मिसिंग पर्सन्स या बँडच्या आधी वाजवायची संधी मिळाली. चामड्याचे कपडे घातलेलं, केस रंगवलेलं प्रेक्षागृह, आणि मंचावर अकॉर्डियन. पहिल्या गाण्यापासून लोकांनी हाती लागेल ते फेकायला सुरुवात केली आणि पाऊण तास ती थांबली नाही. यांनी मात्र सगळी गाणी पूर्ण केली. सामान आवरून ॲल गाडीतळावर आला तर एक पोरगा धावत आला, तूच का तो विअर्ड ॲल म्हणून विचारलं. ॲल खुलला, हो म्हणाला. पोरगा म्हणाला, अगदी भिकार वाजवतोस. ॲलने हा किस्सा पुढे आयुष्यभर मुलाखतीत सांगितला, जिथे दुसऱ्या कुणी पहिल्या सोन्याच्या तबकडीची गोष्ट सांगितली असती.

1984 मध्ये ‘ईट इट’ आलं आणि चित्र पालटलं. मायकल जॅक्सनने ‘बीट इट’ची परवानगी दिली होती. पुढे ‘बॅड’चं ‘फॅट’ झालं तेव्हा जॅक्सनने आपल्या एका फिल्मसाठी उभा केलेला भुयारी रेल्वेचा सेट वापरायला दिला. पण ‘ब्लॅक ऑर व्हाइट’च्या विडंबनाला त्यानेच नको म्हटलं, कारण ते गाणं वंशभेदाबद्दल होतं आणि त्याची थट्टा त्याला बरी वाटेना. ॲलने मुकाट्याने ते टाकून दिलं.

इथे जरा कायद्याचं. अमेरिकेत विडंबनाला परवानगी लागतेच असं नाही. 1994 मध्ये टू लाइव्ह क्रू या रॅप गटाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यापारी विडंबनसुद्धा ‘न्याय्य वापर’ ठरू शकतं. ॲल तरीही विचारतो आणि मूळ गीतकाराला मानधनात वाटा देतो. सज्जनपणा आहेच, पण त्यात धंद्याची अक्कलही आहे. ज्याची थट्टा केली तोच जर हसत बाजूला उभा असेल तर थट्टा करणाऱ्याला शत्रू उरत नाही, आणि पुढच्या गायकाचा दरवाजा ठोठावताना मागच्याची शिफारस हाताशी असते.

1992 च्या सुरुवातीला निर्वाणा या रॉक बँडच्या गाण्याचं विडंबन त्याला करायचं होतं. मॅनेजरमार्फत उत्तर येईना. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये निर्वाणा वाजवणार होते आणि त्याच कार्यक्रमात व्हिक्टोरिया जॅक्सन ही ॲलच्या सिनेमातली सहकलाकार काम करत होती. ॲलने तिला सांगून ठेवलं की त्यांचा गायक कर्ट कोबेन एकटा सापडला की फोन लावून दे. तिने दिला. कोबेनचा पहिला प्रश्न होता: खाण्याबद्दल असणार का? ॲल म्हणाला, नाही, तुमचे शब्द कुणालाच कळत नाहीत याबद्दल. कोबेनला ते पटलं. मग मूळ व्हिडिओ जिथे चित्रित झाला तोच स्टुडिओ, तोच झाडूवाला नट, अल्बमच्या मुखपृष्ठावर पाण्यात पोहणाऱ्या बाळाच्या जागी ॲल आणि डॉलरच्या नोटेच्या जागी डोनट. ॲलने आपलं विडंबन केलं म्हणजे आपण खरोखर मोठे झालो, असं निर्वाणाच्या लोकांनी पुढे सांगितलं. आता कित्येकांसाठी ती मोजपट्टीच झाली आहे. मॅडोनाने तर ‘लाइक अ व्हर्जिन’चं ‘लाइक अ सर्जन’ ॲल कधी करणार असं मैत्रिणीजवळ बोलून दाखवलं आणि ते फिरत फिरत ॲलच्या मॅनेजरपर्यंत आलं. म्हणजे गिऱ्हाईक स्वतः चालत आलं.

नकारही आले. पॉल मॅकार्टनी शाकाहारी, त्याला ‘लिव्ह अँड लेट डाय’ची कोंबडीची कचोरी झालेली रुचली नाही. ॲल स्वतःही शाकाहारी, त्यामुळे वादच नव्हता. प्रिन्सने कधीच होकार दिला नाही. एका पुरस्कार सोहळ्यात दोघांच्या खुर्च्या एकाच रांगेत होत्या. प्रिन्सच्या कचेरीतून ॲलला तार आली की कार्यक्रमात त्यांच्या नजरेला नजर देऊ नये. ॲल सांगतो की त्यानेही उलटी तार केली, त्यांनीही माझ्याकडे पाहू नये. कुलियो या रॅपरच्या गाण्याला कंपनीने होकार कळवला, गाणं बाजारात गेलं आणि कुलियो उखडला, मला कुणी विचारलंच नाही म्हणाला. ॲलने माफीचं पत्र पाठवलं आणि तेव्हापासून होकार शक्यतो थेट कलावंताच्या तोंडून घेतो. बऱ्याच वर्षांनी दोघांचा समेट झाला आणि आपण उगाच ताणलं असं कुलियोनेही मान्य केलं. 2006 मध्ये गायक जेम्स ब्लंट तयार होता पण त्याच्या अटलांटिक कंपनीने अडवलं. ॲलने ते गाणं फुकट वाटून टाकलं. लगेच नंतरच्या ‘व्हाइट अँड नर्डी’च्या व्हिडिओत तो संगणकावर अटलांटिकचं विकिपीडिया पान उघडून त्यावर दोन शिवराळ शब्द टंकताना दिसतो. व्हिडिओ पाहणाऱ्या नाठाळांनी खऱ्या पानावर तोच उद्योग सुरू केला.

‘व्हाइट अँड नर्डी’बद्दल थोडं थांबायला हवं. अभ्यासू, गबाळ्या, संगणकात डोकं खुपसलेल्या गोऱ्या पोराची ती फुशारकी. हे पात्र ॲलला बाहेरून आणावं लागलं नाही, सोळाव्या वर्षी कॉलेजात गेलेला अकॉर्डियनवाला तोच होता. ते गाणं अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत चढलं, पहिल्या दहात येणारं त्याचं पहिलंच. ऐकणारेही बरेचसे तसेच होते. शाळेत ज्यांना खेळाच्या संघात शेवटी घेतात, ज्यांना चष्म्यावरून नावं ठेवतात, त्या पोरांना हा माणूस ‘विक्षिप्त’ हे नाव छातीवर मिरवताना दिसला आणि ती पोरं त्याला चिकटली ती कायमची. चाहत्यांच्या अधिकृत मंडळाचं नाव त्याने ठेवलं होतं ‘ॲलचे अगदी जवळचे खासगी मित्र’. विनोद होता, पण मंडळींनी तो गंभीरपणे घेतला.

या चाहत्यांची किंमत कळायला 1989 मध्ये जावं लागतं. ‘यूएचएफ’ हा ॲलचा सिनेमा त्या उन्हाळ्यात लागला. चाचणी प्रयोगांत लोक पोट धरून हसले होते, कंपनी खूश होती. मग तो ‘बॅटमॅन’, ‘इंडियाना जोन्स’, ‘लीथल वेपन 2’ यांच्या गर्दीत सोडला गेला आणि चेचला गेला. पुढची दोनेक वर्षं ॲलच्या हाताला काही लागेना. ‘निर्वाणा’च्या त्या फोनमागे ही घालमेल होती. पण सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर, केबलवर पोरांनी पाहिला, संवाद पाठ केले, कॅसेट बाजारातून संपली तेव्हा चढ्या भावाने घेतली. 2002 मध्ये डीव्हीडी निघाली ती धडाक्यात खपली. त्याच डीव्हीडीत ॲल आपल्याच सिनेमाच्या अपयशाची चेष्टा करत बसलेला ऐकू येतो.

2004 च्या एप्रिलमध्ये दौऱ्यावर असताना त्याला कळलं की घरात कार्बन मोनॉक्साइड साठून आई आणि वडील दोघेही गेले. त्या संध्याकाळी त्याने कार्यक्रम केला. अडचणीच्या काळात तुझ्या गाण्यांनी तारलं असं लोक मला नेहमी सांगतात, कदाचित मलाही उपयोग होईल असं वाटलं, एवढंच त्याने नंतर सांगितलं. यावर अधिक लिहिणं बरं नव्हे.

2014 चा ‘मँडेटरी फन’ हा कंपनीबरोबरच्या करारातला शेवटचा अल्बम. व्हिडिओंसाठी कंपनी पैसे देईना. ॲलने वेगवेगळ्या संकेतस्थळांना एकेका व्हिडिओचा खर्च उचलायला लावला आणि आठ दिवसांत आठ व्हिडिओ सोडले. पहिल्या आठवड्यात लाखभर प्रती खपल्या, अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर. 1963 नंतर विनोदी अल्बमला ती जागा मिळालीच नव्हती. तीस वर्षं दर दोन-चार वर्षांनी ज्याची कारकीर्द संपल्याचं लिहिलं जायचं, त्याचा हा पहिला पहिला नंबर. हॉलिवूडच्या फुटपाथवरच्या ताऱ्यासाठी चाहते वर्षानुवर्षं मोहीम चालवत होते; खर्चाची वर्गणीही त्यांनीच गोळा केली. 27 ऑगस्ट 2018 ला तारा बसला. 2025 च्या जुलैमध्ये पासष्टीतला ॲल न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिल्यांदा वाजवायला उभा राहिला.

पुढच्या सिनेमाची गोष्ट तर चाहत्यांनी घडवली. 2010 मध्ये एरिक ॲपेल या दिग्दर्शकाने ॲलच्या चरित्रपटाची खोटी झलक बनवली: दारू, मारामाऱ्या, मॅडोनाबरोबर प्रेमप्रकरण, यातलं एकही न घडलेलं. ॲल ती कार्यक्रमात पडद्यावर दाखवायचा. लोक विचारायला लागले, सिनेमा कधी लागतोय? अनेक वर्षं विचारत राहिले. मधल्या काळात रॉक गायकांच्या चरित्रपटांची लाट आली, त्यांत तारखा, माणसं, प्रसंग खुशाल इकडचे तिकडे केलेले. ॲलने ॲपेलला कळवलं की आता वेळ आली. मुख्य भूमिकेत डॅनियल रॅडक्लिफ, कारण एका टीव्ही कार्यक्रमात त्याने टॉम लेररचं मूलद्रव्यांच्या नावांचं कठीण विनोदी गाणं घडाघडा म्हटलेलं ॲलने पाहिलं होतं. चित्रीकरण अठरा दिवसांत उरकलं. 2022 मध्ये आलेल्या ‘विअर्ड’ या चित्रपटात ‘ईट इट’ हे मूळ गाणं आहे आणि जॅक्सनने त्यावरून ‘बीट इट’ चोरलं आहे. खरा ॲलही त्यात आहे. तो रेकॉर्ड कंपनीचा खत्रूड मालक झालाय आणि तरुण ॲलला तोंडावर सांगतो की तुझ्यात काही दम नाही. सर्वोत्कृष्ट टीव्ही चित्रपटाचा एमी पुरस्कार या थापांच्या पोत्याला मिळाला.

2023 च्या अखेरीस स्पॉटिफायने नेहमीप्रमाणे कलावंतांकडून चाहत्यांसाठी आभाराचे व्हिडिओ मागवले. ॲलने पाठवलेल्या व्हिडिओत तो आभार मानतो आणि हिशोब मांडतो: यंदा आपली गाणी आठ कोटींहून जास्त वेळा ऐकली गेली, म्हणजे आपल्याला बारा डॉलर मिळाले असावेत, त्यात हॉटेलात एक बरं सँडविच येईल. पोटतिडकीने लेख लिहून, परिषदा घेऊन जे सांगायचा प्रयत्न गायक मंडळी वर्षानुवर्षं करत होती, ते त्याने अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं, तेही स्पॉटिफायच्याच खर्चाने. हिशोब अर्थातच चुकीचा होता. सँडविचचा भाव मात्र बरोबर होता.